हाताने विणलेलं कापड भिंतीवर टांगायचं की वापरून झिजवायचं?

आडवा_धागा (धागाकर्ता)

घरसजावटीची चित्रं पाहायला घ्या, सगळीकडे तोच माल. पलंगामागे मॅक्रमेचा म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून केलेला पडदा, सोफ्यावर इकतच्या चार उशा, कोपऱ्यात वेताची खुर्ची, आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये भरतकामाचा तुकडा. हस्तकलेला चांगले दिवस आले म्हणून आनंद व्हायला हवा. मला मात्र चिडचिड होते.

कापड ही वापरायची वस्तू आहे. किलीमच घ्या. लव नसलेली, सपाट, घट्ट वीण. भटक्या पशुपालकांनी तो अंथरला, त्याच्या पिशव्या शिवून सामान भरलं, तंबूत आडोसा केला. त्याचं देखणेपण त्या वापरातून आलंय. रंग बदलतो तिथे उभी चीर राहते, म्हणून नक्षी पायऱ्यापायऱ्यांची आणि तिरकस होते, कारण लांब सरळ उभी रेघ काढली तर तिथे कापड उसवल्यासारखं उघडं पडेल. म्हणजे नक्षीसुद्धा मजबुतीच्या हिशोबाने ठरलेली.

किंवा उत्तर जपानमधलं बोरो. तिथल्या थंडीत कापूस पिकत नसे. गरीब शेतकरी सालीच्या धाग्याच्या खरबरीत कापडावर मिळतील त्या जुन्या सुती चिंध्या धावदोऱ्याने जोडत राहिले, पिढ्यान् पिढ्या. बंगालचा कांथा काय, आपली गोधडी काय, रीत तीच. आणि आता हे सगळं काचेमागे! फाटण्याला पुरून उरण्यासाठी जन्मलेलं कापड आपण फाटू नये म्हणून कोंडून ठेवतोय.

माझं मत सरळ आहे. हस्तकलेचं कापड घरात आणायचं तर अंथरा, पांघरा, धुवा, रफू करा. नुसती भिंत भरायची असेल तर चित्र लावा. बोला.

बिनकामाचा

+१. आमच्याकडचा मॅक्रमे कोणी झटकायचा यावरून रोज भांडण होतं. जागा राखून ठेवतो.

काचेआड

साफ असहमत. टांगलेलं कापड म्हणजे निकामी कापड, हे तुम्ही आधीच गृहीत धरलंत आणि त्यावर सगळी इमारत उभी केलीत. युरोपातल्या दगडी वाड्यांत टॅपेस्ट्री, म्हणजे विणून चित्रं काढलेली जाड कापडं, भिंतीवरच असायच्या. दिमाख होताच, पण गार भिंत आणि माणूस यांच्यात एक जाड लोकरी थरही होता.

जरा अलीकडचं बघू. बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या विणकाम विभागात शिकलेल्या आनी आल्बर्स यांनी जर्मनीतल्या बेर्नाऊच्या कामगार-संघटना शाळेतल्या सभागृहासाठी भिंतीवर लावायचं कापड विणलं. एका बाजूला चकचकीत सेलोफेन, दुसऱ्या बाजूला शनील हा मखमलीसारखा लवदार धागा. सेलोफेनने उजेड परतवायचा, शनीलने आवाज शोषायचा. त्याच बाईंचं १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये स्वतंत्र प्रदर्शन झालं. भिंतीवरचं कापड काम करत नाही म्हणता?

गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, उघड्या भिंती अशा खोलीत टाळी वाजवून बघा. जाड विणीचं कापड भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगलं की घुमणं कमी झालेलं कानाला कळतं.

आणि जुन्या तुकड्यांचं काय? संग्रहालयात कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. आपल्या दिवसाच्या बैठकीच्या खोलीत त्याच्या कैक पट असतो. शंभर वर्षांचं भरतकाम तुम्ही सोफ्यावर टाकणार? त्याला वापर म्हणायचा की नासधूस?

आडवा_धागा

बेर्नाऊचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! ते कापड कामाला लावलं होतं. तशी भिंत असेल तर माझी हरकत नाही. माझा राग पलंगामागे लोंबणाऱ्या, आवाजही न अडवणाऱ्या आणि उजेडही न अडवणाऱ्या दोऱ्यांवर आहे. शंभर वर्षांच्या तुकड्याबद्दल बोलायचं तर तुमच्याच ५० लक्सच्या हिशोबाने तो बैठकीच्या भिंतीवरही नको. काचेने धूळ अडेल, उजेड नाही.

मोजपट्टी

मी घरांच्या अंतर्सजावटीचं काम करते. दोघांचंही वाचलं आणि वाटलं, कापडाला कोणी काही विचारतच नाहीये.

"वापरा, वापरा" हे बोलायला छान. सोफ्याच्या कापडाची घर्षण-चाचणी असते, मार्टिंडेल. रोजच्या घरगुती वापराला साधारण १५,००० ते २५,००० घासे टिकणारं कापड घेतात. सैल पिळाच्या सुताचं, मोकळ्या विणीचं हातमागाचं कापड बैठकीवर ताणून बसवलंत तर शिवणीपाशी धागे सरकतात आणि बूड टेकतं तिथे विरतं. त्यात विणकराचा दोष नाही, ते त्या कामाचं कापडच नव्हे. घट्ट विणीचं, जाड सुताचं हातमागाचं कापड बैठकीला उत्तम चालतं, पण ते तसं सांगून मागावं लागतं.

गडद निळीचं कापड सुरुवातीला अंगाला, उशीला, सगळ्याला लागतं. नीळ धाग्याच्या आत फारशी मुरत नाही, वरच्या थरात बसते, म्हणून घासली की सुटते. फिक्या सोफ्यावर अशी नवी चादर टाकून आठवड्याने मला फोन करणारे लोक आहेत. हळदीचा पिवळा तर उन्हात टिकतच नाही. आणि रेशमी पडदा अस्तराशिवाय थेट उन्हाच्या खिडकीला लावला की काही वर्षांत उभ्या चिरा पडून पट्ट्यापट्ट्या होतात. हे सगळं विकणाऱ्याने सांगायला हवं, सांगत नाहीत.

तेव्हा भिंत की वापर हा वाद बाजूला ठेवा. कुठलं कापड कुठे, एवढंच बोला.

ठसा_उमटला

या गप्पा ज्यांना परवडतात त्यांच्या आहेत. मी छापील इकत घेते, यंत्रावर छापलेलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस याने यंत्राच्या भिकार मालाला कंटाळून हस्तकलेचा झेंडा उभारला, कला सगळ्यांना मिळाली पाहिजे म्हणाला. मग त्याचं १८८३ चं 'स्ट्रॉबेरी थीफ' कापड पाहा. आधी सगळं निळीत बुडवायचं, नक्षीपुरती नीळ उडवायची, मग एकेक रंग ठशाने भरायचा. दिवसच्या दिवस जायचे. घेतलं कोणी? श्रीमंतांनी. आज तीच नक्षी यंत्रावर छापली जाते म्हणून सामान्य माणसाच्या उशीवर आहे. मग मॉरिसचं स्वप्न पुरं कोणी केलं, हाताने की यंत्राने?

आडवा_धागा

छापील घ्या की, पण छापील म्हणून विका. खऱ्या इकतमध्ये विणायच्या आधीच सूत बांधून रंगवतात. विणताना ते केसभर सरकतं म्हणून कडा पिसासारख्या फुटतात, आणि नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच दिसते. छापलेल्याची मागची बाजू फिकी असते. इथवर ठीक. पण आता यंत्रवाले त्या फुटलेल्या कडासुद्धा छापतात, ठशाचा थोडा सरकलेला रंगही छापतात. नीट पाहिलंत तर तोच 'चुकलेला' ठसा दर ठरावीक अंतरावर हुबेहूब तसाच चुकलेला सापडतो. ही उघडउघड थाप आहे.

दुसरं, ही नक्षी कोणाची? मॉरिसची म्हणून आपण नाव घेतो. इकतची किंवा कच्छकडच्या अजरख या ठशाच्या कापडाची नक्षी उचलताना कोणाचं नाव लागतं, कोणाला पैसे जातात?

ठसा_उमटला

नावाचा मुद्दा मान्य. थापेचा नाही. माझ्या उशीवर 'हाताने केलेली' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. मला रंग आवडला. प्रत्येक उशीने प्रामाणिकपणाची परीक्षा द्यायची का?

चिंधी

उशीने नको, 'हाताने केलेलं' हे लेबल लावणाऱ्याने मात्र द्यायची. त्या लेबलला तुम्ही सगळे इतके का भुलता?

क्रोशा घ्या. खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून बाजारात नाही. यंत्राची जी क्रोशासारखी जाळी मिळते ती वेगळीच वीण असते. त्यामुळे खऱ्या क्रोशाची चादर मातीमोल भावात दिसली तर ती हातानेच झाली आहे, आणि त्या हातांना काय मिळालं असेल हे तुम्हीच ठरवा. यंत्राची वस्तू स्वस्त असली तर निदान यंत्र उपाशी राहत नाही.

गालिच्यांचं तर विचारू नका. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यांमागे लहान मुलं राबत होती, म्हणून १९९४ मध्ये रगमार्क हे बालमजुरीमुक्त गालिच्यांचं चिन्ह सुरू करावं लागलं. पुढे त्याचं नाव गुडवीव्ह झालं. म्हणून धागाकर्त्यांच्या 'वापरा की टांगा' या प्रश्नात मला फारसा रस नाही. विणणाऱ्याला तुम्ही ते टांगता की पायपुसणं करता याने काय फरक पडतो?

आडवा_धागा

पडतो. वापरलेलं झिजतं, झिजलं की दुसरं घ्यावं लागतं किंवा दुरुस्त करून घ्यावं लागतं. दोन्हीत कोणाला तरी काम मिळतं. टांगलेलं एकदाच विकलं जातं, आणि टांगायची टूम गेली की तेही नाही. मॅक्रमे १९७० च्या दशकात घरोघरी होता, मग इतका नकोसा झाला की चेष्टेचा विषय ठरला, आणि आता परत आलाय. नक्षीचं वेड दोन-तीन वर्षांत उतरतं. हात बसायला त्याहून जास्त लागतात.

काचेआड

हा हिशोब कागदावरचा आहे. टूम आली नसती तर पहिला तुकडाही विकला गेला नसता. लोक आधी भिंतीवर बघतात, मग चादर घेतात.

बिनकामाचा

मी परत आलो. हाताने बनवलेला म्हणून घेतलेला गालिचा मागून पांढरी पूड गाळतोय आणि रबरासारखा वास येतोय. हातमागाला असा वास असतो का?

मोजपट्टी

तो हातमागाचा नाही, टफ्टेड असणार. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या अवजाराने लोकर घुसवतात, मागे लॅटेक्सचा डिंक फासतात आणि वरून एक कापड चिकटवतात. अवजार हातात धरलेलं असतं, म्हणून 'हाताने केलेला' हे खोटंही ठरत नाही. तो डिंक काही वर्षांत सुकून भुगा होतो. कोपरा उलटून बघा. गाठींच्या गालिच्याला मागेही नक्षी दिसते, एकेक गाठ मोजता येते आणि दशा म्हणजे त्याचेच उभे धागे असतात. तुमच्याकडे मागे साधं कापड आणि दशा वेगळ्या शिवलेल्या दिसतील.

बिनकामाचा

तस्सं आहे. आता?

मोजपट्टी

पूड गळायला लागली म्हणजे लॅटेक्स गेला. लोकर चांगली असेल तर मागचं कापड काढून नव्याने डिंक लावून देणारे असतात, पण त्याचा खर्च नव्या टफ्टेडच्या जवळ जातो. धुऊ मात्र नका, वास वाढेल.

चिंधी

आडवा_धागा, हा वापरायचा, टांगायचा की रफू करायचा? सांगा आता.

आडवा_धागा

विकणाऱ्याच्या दारात नेऊन अंथरायचा.