दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय दिनी, मित्रांबरोबर: तुमचे अनुभव

परदेशात राहताना कधीतरी असं होतं, की अख्खं शहर नटून रस्त्यावर आलेलं असतं आणि आपण 'आज काय आहे?' म्हणून विचारत असतो. मग एखादी मैत्रीण म्हणते, चल माझ्याबरोबर. अशा दिवसांचे किस्से हवे आहेत. पर्यटन पुस्तिकेतली माहिती नको. तुम्ही कुठे उभे होतात, कोणाबरोबर आणि काय फसलं, ते लिहा.

माझ्यापासूनच सुरुवात करते. ओस्लो, १७ मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने सकाळी न्याहारीला बोलावलं होतं. मी जीन्स आणि रेनकोटमध्ये पोचले. दार उघडलं, तर सगळ्याजणी बुनाद, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, घालून! लोकरी कापडावर भरतकाम, चांदीची बटणं, आणि प्रत्येकीचा नमुना वेगळा, कारण बुनाद ज्या-त्या प्रांताचा असतो. मला कोणी काही म्हटलं नाही, त्यामुळे जास्तच ओशाळले. तिच्या आईने मुकाट्याने माझ्या रेनकोटला लाल-पांढरी-निळी फीत टाचली.

जो तो 'ग्रातुलेरेर मे दागेन', म्हणजे 'आजच्या दिवसाच्या शुभेच्छा', म्हणत होता. हे वाक्य मला वाढदिवसामुळे माहीत होतं, म्हणून मी विचारलं, कोणाचा? 'राज्यघटनेचा. १८१४चा जन्म.'

मिरवणुकीत रणगाडे वगैरे नाहीत. शाळेमागून शाळा, प्रत्येकीचा फलक, मधूनमधून बेसूर वाजणारे बँड. कार्ल योहान्स गाता या रस्त्याने पोरं राजवाड्यापर्यंत जातात आणि राजघराणं सज्जात उभं राहून तासन्‌तास हात हलवतं. राजाचा हात दुखत नसेल का, असं मी विचारलं. मैत्रीण म्हणाली, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी निघतो.

*

माझी फजिती आम्स्टरडॅमची. २०१४. मित्राला न कळवता त्याच्या दारात उभं राहायचं ठरवलं होतं. हाताशी जुनी मार्गदर्शिका, त्यात लिहिलेलं: राणीचा दिवस, ३० एप्रिल. केशरी हा तिथल्या राजघराण्याचा रंग, म्हणून मी नखशिखांत केशरी. दार उघडून मित्र आधी गप्प झाला, मग जिन्यावरच बसून हसला.

२०१३ मध्ये राणीने पद सोडलं आणि मुलगा राजा झाला, हे बातम्यांत वाचलं होतं. पण त्याबरोबर सणाची तारीखही बदलेल हे डोक्यात आलंच नाही. राजाचा वाढदिवस २७ एप्रिलला. त्या वर्षी २७ला रविवार, म्हणून सण शनिवारी, २६लाच उरकला. त्या दिवशी कोणीही परवान्याशिवाय रस्त्यावर जुन्या वस्तू विकू शकतो. मित्राच्या घरात न खपलेल्या सामानाचं एक खोकं पडलं होतं. त्यातला एक दिवा त्याने मला पूर्ण किमतीला विकला. घासाघीस करू दिली नाही. म्हणाला, बाजार संपलाय.

*

वरच्या केशरी गृहस्थांना दिलासा: आम्ही स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनी, १ ऑगस्टला, रात्री बाझेलला ऱ्हाइनकाठी आतषबाजीची वाट पाहत बसलो होतो. ती तिथे ३१ जुलैलाच होते.

*

पॅरिस. फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाला 'बास्तिल डे' म्हटल्यावर फ्रेंच मैत्रिणीने भुवई उंचावली. तिथे नुसतं 'चौदा जुलै' म्हणतात. संचलन पाहायला मी एकटीच गेले, ती झोपली होती. तिच्या लेखी खरी मजा आदल्या रात्रीची: अग्निशमन केंद्रांची दारं उघडतात आणि अंगणात जवानांसोबत पहाटेपर्यंत नाच चालतो. चौदाला आयफेलजवळची आतषबाजी रात्री अकराच्या सुमारास, कारण जुलैत अंधारच उशिरा पडतो. परतताना जवळची मेट्रो स्थानकं बंद. नव्या चपला घालून जाऊ नका, एवढंच सांगेन.

*

सिंगापूर, ९ ऑगस्ट. मुख्य सोहळ्याची तिकिटं सोडतीने मिळतात आणि सोडत फक्त नागरिक व कायम रहिवाशांसाठी. मी दोन्ही नाही. मित्र म्हणाला, काळजी करू नकोस, तालीम बघू. आधीच्या एका शनिवारी मरिना बेच्या कठड्याशी उभे राहिलो: हेलिकॉप्टरखाली लटकणारा प्रचंड झेंडा, विमानं, आतषबाजीसुद्धा, सगळं फुकट.

प्रत्यक्ष दिवशी त्याच्या घरी टीव्हीसमोर. पडद्यावर विमानं दिसायच्या आधीच खिडकीतून त्यांचा आवाज आला. राष्ट्रगीत मलाय भाषेत. चिनी कुटुंबातल्या माझ्या मित्राला ते तोंडपाठ, पण एका ओळीचा अर्थ विचारला तर अडखळला. शेवटी बाजारात मलाय शिकलेल्या त्याच्या आजीने आम्हा दोघांना तो समजावून सांगितला.