कापसाच्या भावापुढे काँग्रेस आणि भाजप यांच्यात वैचारिक फरक उरतो का?

धागाकर्ता, आर्वी (जि. वर्धा)

या दोन पक्षांमधील वैचारिक भेद खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत येता येता तो भेद संपतो, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. मार्च 2012 मध्ये काँग्रेसप्रणीत संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली, तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदींनी तिला विरोध केला होता. त्याच मोदींच्या केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरील 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत स्थगित केले, म्हणजे सीतादही (वेचणीआधीचा शेतातला विधी) होऊन आपल्याकडे वेचणीला हात लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत. एकाने आपला माल बाहेर जाऊ दिला नाही, दुसऱ्याने बाहेरचा माल आत येऊ दिला. दोन्ही वेळा गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हाच हेतू होता.

हमीभावाचेही तेच. स्वामिनाथन आयोग काँग्रेसच्या काळात, 2004 मध्ये नेमला गेला, पण उत्पादन खर्चावर 50 टक्के जास्त भाव देण्याची त्याची शिफारस त्या सरकारने स्वीकारली नाही. भाजपने 2014 मध्ये तेच आश्वासन दिले आणि 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर केला, मात्र खर्च मोजताना स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडे) आणि भांडवलावरील व्याज बाहेर ठेवले.

प्रतिसाद, कुरखेडा (जि. गडचिरोली)

आपण मांडलेल्या घटना खऱ्या आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्याकडे कापूस नाही. धान, तेंदूपत्ता आणि बांबू यांवर वर्ष निघते. 2006 चा वनहक्क कायदा काँग्रेसप्रणीत सरकारने डाव्या पक्षांच्या पाठिंब्याच्या काळात केला आणि त्याच कायद्याखाली 2009 मध्ये आमच्या जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. याउलट भाजप सरकारच्या 2022 च्या वन संवर्धन नियमांनी, वनजमीन इतर कामांसाठी वळवण्यास अंतिम मंजुरी देण्यापूर्वी वनहक्कांची पूर्तता झाली आहे का हे पाहण्याची केंद्राची जबाबदारी राज्यांवर टाकली. जंगल कोणाचे, या प्रश्नाला दोन पक्षांनी दिलेली ही दोन वेगळी उत्तरे आहेत. शिवाय 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने धर्म हा एक निकष मानला आणि काँग्रेसने त्याला विरोध केला. ज्यांच्या आजी-आजोबांनी 1956 मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या घरांना हा फरक किरकोळ वाटत नाही.

प्रतिसाद, दारव्हा (जि. यवतमाळ)

मी भाजपला मत देतो आणि माझ्या मते फरक मदतीच्या पद्धतीत आहे. काँग्रेसप्रणीत सरकारच्या 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफी फक्त दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. त्यापुढच्याला बाकी रक्कम फेडल्यास 25 टक्के सूट होती. आमच्या तालुक्यात सात-आठ एकर कोरडवाहू जमीन असलेले कुटुंबही कर्जात बुडालेले असते, आणि सावकाराकडून पैसे घेतलेल्याला तर त्या माफीचा काहीच उपयोग नव्हता. मोदी सरकारच्या पीएम-किसान योजनेतील दोन हेक्टरांची अट मात्र 2019 मध्येच काढली गेली आणि वर्षाचे 6000 रुपये थेट खात्यात येतात. रक्कम थोडी आहे, हे मीही म्हणतो.

धागाकर्ता, आर्वी

जंगलाबाबतचा फरक मी नाकारत नाही. माझा दावा बाजारापुरता आहे. कर्जमाफीबाबत मात्र दारव्ह्याच्या मित्रांनी हेही पाहावे, की 2017 मध्ये फडणवीस सरकारने दीड लाखांपर्यंतची आणि 2019 मध्ये महाविकास आघाडीने दोन लाखांपर्यंतची माफी दिली. आकडा बदलला, विचार तोच राहिला. एके काळी महाराष्ट्रात काँग्रेसच्याच सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली होती आणि खासगी व्यापाऱ्याला कापूस घेण्याची मनाई होती. त्या योजनेत चुकारे रखडत, तोटाही मोठा झाला, तरी बाजाराविषयीची ती एक स्पष्ट भूमिका होती. आज अशी भूमिका कोणाकडे आहे? ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसाचे आयात शुल्क हलवणार नाही, एवढे लेखी देण्यास या दोनपैकी कोणता पक्ष तयार आहे, ते दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी इथे सांगावे.

प्रतिसाद, दारव्हा

माझ्या पक्षाने ते लिहून द्यावे, अशी माझीही मागणी आहे. पण दोन्ही पक्ष सारखे म्हणून मत बदलण्याचे कारण मला अजून दिसत नाही.