शब्दचर्चा : न्यूट्रॉन-प्रोटॉनांचं प्रमाण ‘गोठलं’ म्हणजे नेमकं काय?

अनवट :
विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांबद्दलचं हे वाक्य पाहा. ‘घनता घसरली, अभिक्रिया गोठल्या, आणि हायड्रोजन-हेलियमचे अणू तयार झाले.’ तापमान १००० कोटी केल्विन असताना ‘गोठल्या’ कसं? शिवाय ड्यूटेरियमच्या (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनच्या) ‘बॉटलनेक’ला मराठीत काय म्हणावं?

सोनचाफा :
आधी ‘अणू’ काढा. तेव्हा तयार झाली ती नुसती अणुकेंद्रकं. इलेक्ट्रॉन त्यांना कायमचे चिकटायला पुढे सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं गेली. ‘मूलद्रव्यं’ मात्र चालेल, ती प्रोटॉनांच्या संख्येवर ठरतात.

त्रिज्या :
‘गोठणं’ रूढ आहे, पण मराठी कानाला त्यात थंडी ऐकू येते. इथे प्रश्न गाठीभेटींचा आहे. न्यूट्रॉनचा प्रोटॉन आणि प्रोटॉनचा न्यूट्रॉन ही अदलाबदल न्यूट्रिनो-इलेक्ट्रॉनांच्या धडकांवर चालायची. कण विरळ झाले, त्यांची ऊर्जाही उतरली, तसा धडकांचा दर कोसळला. विश्वाच्या विस्ताराचा दरही उतरत होता, पण त्या मानाने सावकाश. साधारण पहिल्या सेकंदाला धडका मागे पडल्या आणि ६ प्रोटॉनांमागे १ न्यूट्रॉन असं प्रमाण उरलं.

तेही पुरतं गोठलं नाही! सुटा न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदांत विघटित होतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला प्रमाण ७ ला १ वर आलं. आधी ‘गोठलं’ लिहून पुढच्या परिच्छेदात वेगळा आकडा दिला की वाचक बुचकळ्यात पडणारच. ‘अदलाबदल थांबली’ लिहा, भानगड नाही. हेलियमचा हिशेब या ७ ला १ वरून लागतो : १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन घ्या. एक हेलियम केंद्रक झालं, १२ प्रोटॉन उरले. १६ पैकी ४, म्हणजे वस्तुमानाने २५ टक्के.

अनवट :
मग ‘थिजली’?

त्रिज्या :
नको. थिजलेलं तूप तापवलं की परत पातळ होतं.

कणाद :
आणि घनता कशाची ते कुणीच सांगत नाहीये. १०० कोटी केल्विनला द्रव्य होतं घनमीटरला जेमतेम २० ग्रॅम, आपल्या हवेच्या सुमारे साठाव्या भागाइतकं. त्याच वेळी नुसत्या प्रकाशाची ऊर्जा वस्तुमानात मोजली तर घनसेंटिमीटरला ८ ग्रॅमच्या वर, लोखंडाहून जास्त. विस्ताराचा वेग प्रारण (प्रकाशासारखी ऊर्जा) ठरवत होतं, केंद्रकांच्या भेटी द्रव्याच्या घनतेवर होत होत्या. दोन्ही घसरल्या, पण सारख्या नाहीत : तापमान दहापट उतरलं की द्रव्य हजारपट विरळ होतं, प्रारण दहा हजारपट. म्हणून ‘द्रव्याची घनता’ किंवा ‘प्रारणाची घनता’ असं स्पष्ट लिहावं.

‘बॉटलनेक’ला ‘खोळंबा’ सुचवतो. प्रोटॉन-न्यूट्रॉन जुळून ड्यूटेरियम होत होतं, पण दर प्रोटॉन-न्यूट्रॉनामागे सुमारे १६० कोटी फोटॉन होते. त्यांतले मूठभर तिखट फोटॉनही ते फोडायला पुरायचे. तापमान ९० कोटी केल्विनच्या आसपास आलं तेव्हा फाटक उघडलं आणि बहुतेक सगळे न्यूट्रॉन भराभर हेलियमात गेले.

सोनचाफा :
‘खोळंबा’ आवडला. पण तोच शब्द ५ आणि ८ वस्तुमानांकांना (केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या एकूण संख्येला) लावू नका. तिथे टिकाऊ केंद्रकच नाही. बेरिलियम-८ क्षणार्धाच्याही अंशात फुटतं. खोळंबा संपतो, ही दरी आहे. ती ओलांडायला तीन हेलियम जवळजवळ एकदमच भेटावे लागतात, आणि इतक्या विरळ द्रव्यात ते जमेना. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या गाभ्यात जमतं, कारण तिथे घनसेंटिमीटरला किलोंनी द्रव्य असतं आणि वेळही भरपूर. कार्बन तिथला.

अनवट :
मग असं : ‘न्यूट्रिनो-इलेक्ट्रॉन विरळ आणि कमी ऊर्जेचे होत गेल्याने अदलाबदल थांबली, ड्यूटेरियमचा खोळंबा सुटल्यावर हेलियम केंद्रकं जुळली, आणि थोडं ड्यूटेरियम तयार झालं.’

कणाद :
शेवटी ‘शिल्लक राहिलं’ करा. तयार तर खूप झालं होतं, बहुतेक हेलियमात खर्चलं. लाखभर हायड्रोजनमागे अडीचच्या आसपास उरलं, कारण ते एकमेकांना गाठेपर्यंत द्रव्य फार पांगलं. द्रव्य दाट असतं तर याहून कमी उरलं असतं. म्हणून द्रव्याची घनता ड्यूटेरियमवरून काढतात. हेलियमचा आकडा तिच्यामुळे फारसा हलत नाही.