कोपराबाहेरचं प्रत्येक दुखणं टेनिस एल्बो नसतं

माणिकचमन (तासगाव):
काल इथं एकानं लिहिलं, "कोपर बाहेरून दुखतंय म्हणजे टेनिस एल्बो. एक इंजेक्शन मारा, सोमवारी द्राक्षाच्या छाटणीला लागा." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

दोन वर्षं मीही हेच ऐकलं. कात्री दाबली की कळ यायची, दुधाची किटली हातातून सुटायची. तीन इंजेक्शनं झाली. दरवेळी महिना-दीड महिना बरं, मग पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी मिरजेत एका डॉक्टरांनी विचारलं, कधी हातावर पडला होता का? पडलो होतो. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला बांधावरून घसरून तळहातावर आपटलो होतो. शेकलं आणि विसरलो. त्यांनी तळहात एकमेकांकडे करून, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सांगितलं. अर्ध्यात कोपर आतून सरकलं आणि मी धपकन खाली बसलो. बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, सैल होतं. हे घसरणं हाडांचे डॉक्टर ओड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी 1991 सालीच लिहून ठेवलंय. मग दोन वर्षं मला कुणी त्या खुर्चीतून उठवून का बघितलं नाही?

फिजिओ_मिरज:
दादा, तुमचं वाईट झालं. पण हे शीर्षक वाचून उद्या सगळे एमआरआय मागत येतील. बहुतेकांचं मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूचं टेंडनच, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीच, झिजलेली असते, आणि वर्ष-दीड वर्षात व्यायामानं, कामाची पद्धत बदलून ते शांत होतं. "सैल वाटतं" हा पुरावा नव्हे. दुखलं की पकड सुटतेच.

माणिकचमन:
वर्ष-दीड वर्ष! एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. त्यात कोपराला सुट्टी कोण देणार, तुम्ही? मी सगळ्यांचं सैल म्हणतच नाही. बरं होत नसेल तर तपासा, एवढंच म्हणतोय.

वारणाकाठ:
सचिनला 2004 मध्ये टेनिस एल्बोच झाला, 2005 ला लंडनला ऑपरेशन झालं आणि पुढं किती वर्षं खेळला बघा की. उगाच नवीन आजार काढू नका. खरं दुखणं त्या स्प्रिंगच्या कात्रीचं आहे. बॅटरीवरची घ्या, कोपर राहतं शाबूत.

माणिकचमन:
घेतली आहे. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, जाड काडीला चांगली, पण दिवसभर वजन हातातच असतं. आणि बोट मध्ये आलं तर कात्री विचारत नाही. शेजारच्या बागेत एकाच्या तर्जनीचं टोक गेलं.

वारणाकाठ:
चालवायची अक्कल लागते. माझ्याकडं तीन हंगाम झाले, एक ओरखडा नाही.

विरळणीवाली:
तुमच्याकडं म्हणजे तुमच्या हातात, की मजुराच्या? आमच्या टोळीला बॅटरीची कात्री कुणी दिलेली मी बघितली नाही. विरळणीला बायका दिवसभर हात वर करून मणी काढतात. संध्याकाळी भाकरी थापताना नणंदेचं कोपर ठणकतं. तिला "एमआरआय मागू नका" सांगायची गरजच नाही. तिला हजेरी बुडवून मिरजेला जाताच येत नाही.

वारणाकाठ:
ताई, मजुरांना कमी लेखायचं नव्हतं. कात्री मीच चालवतो. पण टोळीला देत नाही, हे खरं आहे.

फिजिओ_मिरज:
कात्री राहू दे. माणिकचमन, एक सांगा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं टेंडन आणि लिगामेंट दोन्ही कमकुवत होऊ शकतात. तुमचं पडल्यानं सैल झालं की तीन इंजेक्शनांनी? जुन्या दुखण्यात दुर्बीण घालून सैलपणा दिसला, तरी तो कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही.

माणिकचमन:
ते मला सांगता येणार नाही. कबूल. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी चौथं इंजेक्शन चूकच ठरलं असतं ना? तेच तर ती पोस्ट सांगत होती!

फिजिओ_मिरज:
इंजेक्शनाबद्दल तुमच्याशी वादच नाही. 2006 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या चाचणीत इंजेक्शनवाले सहा आठवड्यांनी पुढं होते, वर्षानं मागं पडले. आणि "पडला होता का" हे मीही प्रत्येकाला विचारत नाही. विचारायला हवं. पण एमआरआयचा हट्ट नको. त्यातही हा सैलपणा निसटतो, आणि दुखऱ्या माणसाचं कोपर ताठ राहिलं की हातानं तपासूनही कळत नाही.

माणिकचमन:
एवढं पहिल्यांदाच लिहिलं असतं तर मी तावातावानं बोललो नसतो.

विरळणीवाली:
आत्ताच नणंदेला खुर्चीतून तसं उठवून बघितलं. दुखलं, पण सरकलं नाही. पडलेलीही आठवत नाही म्हणते.

फिजिओ_मिरज:
मग बहुधा टेंडनच. नक्की बघितल्याशिवाय सांगणार नाही. इंजेक्शन घेऊ देऊ नका. रविवारी सकाळी येता येईल का? हजेरी बुडणार नाही. व्यायाम दाखवतो, पैसे नकोत.

विरळणीवाली:
रविवारीपण विरळणी आहे. सातच्या आत चालेल?

फिजिओ_मिरज:
साडेसहाला दार उघडतो.