जुन्या अँपची (अँप्लिफायरची) वायरिंग आणि पॉवर कॉर्ड बदलायचीये, जाड कॉर्डने घूं आवाज जाईल का?

घूंघूंवाला:
वडिलांच्या वेळचा ट्रान्झिस्टरवाला स्टिरिओ अँप आहे, वाजतो अजून झकास पण दोन भानगडी आहेत, एक तर स्पीकरमधून सतत घूं येतो आणि दुसरं म्हणजे पत्र्याच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात. कॉर्ड दोन वायरची, थेट आत गेलेली, वरचं रबर कडक होऊन तडकलंय. म्हटलं मागे कॉम्प्युटरला असतं तसं तीन पिनचं सॉकेट बसवावं, भारीतली जाड कॉर्ड घ्यावी आणि आतली वायरिंग पण सगळी नवीन ओढावी. सोल्डरिंग येतं बऱ्यापैकी. जाड कॉर्डने बेस सुधारतो म्हणतात, खरंय का?

तांबं_कथील:
बेसचं विसरा हो. 0.75 चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला 0.023 ओहमच्या आसपास, 2 मीटर कॉर्ड म्हणजे जाऊन येऊन 4 मीटर, झाले 0.09 ओहम. अँपने 1 अँपिअर ओढला तर 230 व्होल्टमधला 0.1 व्होल्टसुद्धा पडत नाही. आणि भिंतीच्या आत जी लांबच लांब वायर आहे ती कोण बदलणार?
सॉकेट मात्र जरूर बसवा, त्याला सी-14 म्हणतात, कॉर्डकडचं टोक सी-13, 1 चौरस मिमीची साधी तीन कोअरची कॉर्ड भरपूर झाली. आधी मागे चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा, असेल तर तो डबल इन्सुलेशनचा आहे, त्याला दोनच वायर ठेवायच्या. नसेल तर अर्थची वायर रंग खरवडून पत्र्याला लग (वायरच्या टोकाची भोकवाली पट्टी) आणि दातेरी वॉशर लावून घट्ट बोल्ट करा, आणि त्या बोल्टवर दुसरं काहीही अडकवू नका. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला.

सिरीज_बल्ब:
वरच्यांशी सहमत, फक्त सगळी वायरिंग ओढू नका. मी एकदा हौसेने ओढली होती आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायरी इनपुटच्या शेजारून नेल्या, नसलेला हम, म्हणजे हाच घूं, विकत घेतला 😅
व्हॉल्यूम शून्यावर करून बघा. घूं कमी झाला तर गडबड इनपुटकडे, शील्ड (सिग्नलच्या वायरीभोवतीची जाळी) तुटलेली वगैरे. तसाच राहिला तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत असं धरून चाला.
मुंग्यांचं म्हणाल तर मेन्स आणि बॉडीच्या मध्ये छोटा कपॅसिटर आहे का शोधा, जुना झाला की गळतो. तिथे वाय क्लासचाच, म्हणजे खास मेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायला बनवलेला, लावायचा, दुसरा कुठलाही नाही, साधा लावला आणि शॉर्ट झाला तर बॉडीत सरळ फेज येईल.
आणि उघडताना प्लग काढला म्हणजे झालं असं नाही, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. 1 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी अर्धा मिनिट लावून ठेवा, मग मीटरने मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हिरोगिरी नको.

घूंघूंवाला:
चौकोनाची खूण नाहीये. व्हॉल्यूम शून्यावर पण घूं जैसे थे. उघडला तर दोन मोठ्या कपॅसिटरपैकी एकाचं डोकं चक्क फुगलंय! 4700 मायक्रोफॅरड 50 व्होल्ट लिहिलंय, माझ्याकडे 63 व्होल्टचे आहेत, चालतील?

सिरीज_बल्ब:
धावतील. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. दोन्ही बदला, एकच नाही. प्लस मायनस दोनदा बघा, उलटा लागला तर फटाका. पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकभकीत पेटूनच राहिला तर लगेच बंद.

तांबं_कथील:
अर्थ दिल्यावर कॉम्प्युटर जोडला की नवीनच घूं आला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन्हीकडच्या अर्थमुळे सिग्नलच्या वायरीतून फिरणारा करंट. तेव्हा कोणीतरी सांगेल अर्थची पिन कापून टाक, त्याचं ऐकू नका. सिग्नलच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

घूंघूंवाला:
कपॅसिटर बदलले, बल्ब मंद झाला, घूं गायब!! सॉकेटचं भोक अजून कापतोय, पत्रा जाम जाड आहे.