व्हिएतनाम-थायलंडला जाताना पैसे कसे न्यायचे? (वेंगुर्ल्याहून, दोघं ज्येष्ठ, १२ दिवस)

शिरोड्याची_वाट:
नमस्कार मंडळी. आई-बाबा (वय ६४ आणि ६८) डिसेंबरात पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेत. हनोई, हा लाँग, दा नांग-होई आन आणि शेवटचे ४ दिवस बँकॉक. विमान मुंबईहून. विमानं आणि हॉटेलं आधीच भरून झाली आहेत. खाणं, टॅक्सी, प्रवेशतिकिटं, थोडी खरेदी यासाठी दोघांत मिळून साधारण सव्वा लाख रुपये धरलेत.

बाबांकडे जिल्हा बँकेचं रुपे कार्ड आहे आणि पेन्शनच्या खात्याचं व्हिसा डेबिट कार्ड. क्रेडिट कार्ड नाही आणि आता काढायची त्यांची तयारी नाही.
१) डाँग (व्हिएतनामचं चलन) आणि बाट (थायलंडचं) इथूनच घ्यावेत का?
२) सिंधुदुर्गात डॉलर कुठे मिळतील, की मुंबई विमानतळावर घ्यावेत?
३) एजंट फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून मग वापरायचं कार्ड) घ्या म्हणतोय. घ्यावं का?

बांदा_तिठा:
डाँग इथून अजिबात घेऊ नका. भारतात डाँगला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे मनी चेंजर खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठं अंतर ठेवतो. अमेरिकन डॉलर न्या आणि तिथे मोडा. दोनदा बदल झाला तरी हे स्वस्त पडतं, कारण डॉलरवरचं मार्जिन दोन्हीकडे कमी असतं. बाटचंही तेच.

कुठे घ्यायचे: कुडाळ-सावंतवाडीतल्या मोठ्या बँकांच्या शाखांत रोकड डॉलर सहसा पडून नसतात. मागणी नोंदवावी लागते आणि चार-आठ दिवस जातात. तुम्हाला सोयीचं म्हणजे म्हापसा किंवा पणजी. गोव्यात परदेशी पाहुण्यांमुळे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले मनी चेंजर बरेच आहेत आणि एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी भाव विचारता येतो. परवाना दुकानात लावलेला असतो, तो बघा. विमानतळाचे काउंटर शेवटचा उपाय म्हणून ठेवा. तिथला भाव बहुतेक वेळा सगळ्यात महाग असतो. कोकणकन्येने सकाळी उतरून मुंबईत डॉलर शोधत फिरायचं, हे तर वयस्कर माणसांना नकोच.

भाव विचारताना ‘आज डॉलर काय भाव?’ असं विचारू नका. ‘५०० डॉलर हातात पडायला सगळं धरून किती रुपये द्यायचे?’ असं विचारा. काही ठिकाणी भाव कमी सांगतात आणि सर्व्हिस चार्ज नंतर लावतात. हिशेबासाठी समजा, बाजारभाव ९० रुपये आहे आणि दुकानदार ९१.५० सांगतोय. म्हणजे दीड-पावणेदोन टक्के मार्जिन, हे ठीक आहे. ९३ च्या वर सांगितलं तर उठा.

जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) हे करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. ५०० डॉलर ४५,७५० रुपयांना घेतले तर जीएसटी साधारण ८२ रुपये. यापेक्षा बराच जास्त दिसला तर बिल वाचून दाखवायला सांगा.

कागद: पासपोर्ट, पॅन, विमानाचं तिकीट, जिथे लागतो तिथला व्हिसा. फॉर्म तेच देतात. प्रत्येकाच्या नावाने वेगळं बिल करा, आईंचं त्यांच्या पासपोर्ट-पॅनवर आणि बाबांचं त्यांच्या. पॅन आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का ते आजच पाहा. एकावर गावावरून पडलेलं आडनाव आणि दुसऱ्यावर मूळचं, असं आपल्याकडे होतं आणि काउंटरवर व्यवहार अडतो. ५० हजारांच्या आतली रक्कम रोखीने चालते, त्यावर बँकेतूनच. तरी खात्यातूनच भरा, तेही प्रवाशाच्या स्वतःच्या खात्यातून. पतसंस्थेच्या खात्यातून भरायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, बरेच मनी चेंजर ते घेत नाहीत.

एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत रोकड नेता येते, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. घेतलेलं चलन ६० दिवसांत वापरायचं असतं, म्हणून दिवाळीत स्वस्त दिसलं तरी तारखा मोजून घ्या.

नोटांबद्दल महत्त्वाचं: १०० च्या कोऱ्या नोटा मागा. बँकॉकमध्ये १०० आणि ५० च्या नोटांना जो भाव मिळतो तो २०-१० ला मिळत नाही, १-५ ला त्याहून कमी. शाईची खूण, रबरी शिक्का, पिनेचं भोक, फाटलेली कड यातलं काही असेल तर ती नोट काउंटरवरच बदलून घ्या. आपल्याकडे अशी नोट सहज खपते, पण तिथे परत करतात. घडीही घालू नका, पासबुकच्या प्लास्टिक कव्हरात सरळ ठेवा.

मांडवी_काठ:
वरचं सगळं बरोबर. कार्डाबद्दल लिहितो, कारण एजंटचा सल्ला इथे चुकतोय.

फॉरेक्स कार्डाचा फायदा खर्चाचं चलन कार्डात भरलेलं असेल तेव्हाच होतो. डॉलर भरले आणि अमेरिकेत खर्च केले तर भाव बांधला जातो, उत्तम. डाँगचं फॉरेक्स कार्ड मिळत नाही. डॉलर भरून दा नांगमध्ये वापरलं की ‘क्रॉस करन्सी’ शुल्क लागतं, बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के. शिवाय कार्ड काढायचा खर्च आणि उरलेले डॉलर परत करताना खरेदीचा कमी भाव. क्रॉस करन्सी शुल्क नसलेली कार्डंही आहेत. एजंटला एवढंच विचारा, ‘डॉलर भरून डाँगमध्ये खर्च केला तर किती टक्के?’ उत्तर शून्य आणि तेही लेखी असेल तर घ्या. नाहीतर सव्वा लाखाच्या खर्चासाठी ते नको.

जिल्हा बँकेचं साधं देशांतर्गत रुपे कार्ड तिथे चालणार नाही, घरीच ठेवा. युपीआय सिंगापूर, दुबई, मॉरिशस, श्रीलंका अशा ठिकाणी काही दुकानांत चालतं, पण या दौऱ्यात त्यावर भिस्त नको.

राहिलं व्हिसा डेबिट. ते अडचणीच्या वेळेसाठी ठेवा आणि ही तयारी करा:

– बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ वापर चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशात चालतील अशीच मिळतात, परदेशी वापर आपण सुरू करायचा असतो. एटीएम आणि दुकान ही दोन बटणं वेगळी असतात, दोन्ही बघा. दिवसाची मर्यादा २०-२५ हजार ठेवा.
– पिन पाठ आहे ना, याची खात्री वेंगुर्ल्याच्या एटीएममध्ये करा. पेन्शनचे पैसे शाखेत जाऊन काढणाऱ्यांचा पिन हमखास विसरलेला असतो.
– त्या खात्यात ४० हजारांच्या वर ठेवू नका, बाकी मुदत ठेवीत किंवा आईंच्या खात्यात. कार्ड चोरीला गेलं तरी नुकसान तेवढंच.
– बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरच्या सिमला रोमिंग सुरू ठेवा, निदान एसएमएस येण्यापुरतं.

खर्च समजून घ्या. बऱ्याच बँका परदेशी एटीएमला दर वेळी शे-दीडशे रुपये ठरावीक शुल्क, वर ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप (चलन बदलण्याचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी लावतात. ३.५ चे जीएसटी धरून ४.१३ होतात. त्यात थायलंडची एटीएम परदेशी कार्डावर स्वतःचे २२० बाट किंवा जास्त कापतात. २,००० बाट काढले तर ११ टक्के तिथेच गेले, २०,००० काढले तर १.१. काढायचेच असतील तर एकदाच मोठी रक्कम काढा.

आणि ही गोष्ट बाबांना कागदावर लिहून द्या: मशीनने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत की बाटमध्ये?’ विचारलं तर बाट. रुपये कधीच नाही. पडद्यावर रुपयांची रक्कम दिसली की ओळखीचं वाटतं आणि माणूस तेच बटण दाबतो. तो भाव तिथल्या बँकेने स्वतःचं मार्जिन घालून ठरवलेला असतो. एटीएमवर ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दाबा. डिक्लाइन म्हटल्याने व्यवहार रद्द होत नाही, फक्त त्यांचा भाव नाकारला जातो. पैसे येतात.

शिरोड्याची_वाट:
देव बरे करो! मग रोकड किती न्यावी? आणि तिथे उतरल्यावर मोडायची कुठे?

आंबोली_घाट:
दोघांत १,००० डॉलर रोकड, ५००-५०० अशी वेगवेगळ्या बिलांवर. बाकी डेबिट खात्यात. रोकड एकाच कमरपट्ट्यात नको. कार्ड ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे डॉलर कमी, असं वाटून घ्या.

हनोई: विमानतळावर फक्त १०० डॉलर मोडा, टॅक्सी आणि पहिल्या दिवसापुरते. बाकीचे दुसऱ्या दिवशी शहरातल्या बँकेत, पासपोर्ट घेऊन. शनिवार-रविवारी बँका उघड्या असतील असं धरून बसू नका, उतरायचा वार बघून ठरवा. सोनाराच्या दुकानात भाव चांगला मिळतो असं कोणीतरी नक्की सांगेल. परवाना नसलेल्या सोनाराकडे डॉलर मोडणं तिथे बेकायदा आहे. २०१८ मध्ये कान थो शहरात असे १०० डॉलर मोडणाऱ्याला ९ कोटी डाँग दंड लावला गेला होता. दोन-चारशे रुपयांसाठी या वयात ती जोखीम नको.

डाँगच्या शून्यांची सवय घरीच करून घ्या. १०० डॉलरचे पंचवीस लाखांच्या आसपास डाँग हातात येतात. फलकावर ‘५०के’ लिहिलं असेल तर ते ५०,००० डाँग. घोटाळा नोटांच्या रंगात होतो: २०,००० ची निळी आणि ५,००,००० चीही निळसर. १०,००० ची पिवळट तपकिरी, २,००,००० ची लालसर तपकिरी. रिक्षातून उतरताना संध्याकाळच्या उजेडात वीस हजारांऐवजी पाच लाख दिले जातात, म्हणजे पंचवीस पट. उपाय सोपा: ५ लाख आणि २ लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात, वरच्या खिशात ५०,००० पर्यंतच्याच. १०,००० आणि वरच्या नोटा प्लास्टिकच्या आहेत, कोऱ्या असल्या की एकमेकींना चिकटतात. देताना बोटाने सोडवून मोजा.

एटीएममधून डाँग काढायची वेळ आली तर बऱ्याच मशीन एका वेळी २०-३० लाखांवर देत नाहीत, म्हणजे ठरावीक शुल्क पुन्हा पुन्हा. म्हणूनच व्हिएतनामसाठी रोकड बरी.

बँकॉक: सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर बाहेर पडायच्या दालनातले काउंटर टाळा. खाली तळमजल्याच्याही खाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ मनी चेंजरांची रांग आहे. तिथला भाव वरच्यापेक्षा स्पष्ट चांगला असतो. चारही दिवसांचे बाट तिथेच एकदम घ्या, शहरात शोधाशोध नको. पासपोर्ट लागतो. पैसे काउंटरवरून हात काढायच्या आत मोजा.

मांडवी_काठ:
हॉटेलवाल्याने चेक-इनला डिपॉझिट मागितलं तर रोख बाट द्या, पावती घ्या. डेबिट कार्डावर रक्कम अडकवली तर ती सुटायला दोन-तीन आठवडेही जातात आणि मधल्या काळात खात्यात पैसे असून काढता येत नाहीत.

शिरोड्याची_वाट:
शेवटचं विचारते. उरलेलं चलन? आणि आपले रुपये किती ठेवायचे जवळ?

बांदा_तिठा:
ताई, डाँग व्हिएतनाम सोडायच्या आधी संपवा किंवा निघताना विमानतळावर मोडा, बँकॉकपर्यंत नेऊ नका. बाटची नाणी दुसरीकडे कुणीच घेत नाही, शेवटच्या दिवशी जेवणात खर्च करा. उरलेले डॉलर माणशी २,००० पर्यंत घरी ठेवता येतात, कायद्याने चालतं. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत परत करायचे. थोडेच उरले तर मोडू नका, विकताना कमीच भाव मिळतो. पुढच्या फेरीला किंवा आखातात जाणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला उपयोगी पडतील असं वाटेल, पण नातेवाइकाला विकणं नियमात बसत नाही. स्वतःसाठीच ठेवा.

भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत नेता येतात. दोघांत पाच-सहा हजार पुरे, परत आल्यावर मुंबईत टॅक्सी आणि गाडीचं जेवण एवढ्यापुरते. ते डॉलरच्या पाकिटात नको, आईंच्या पर्समध्ये वेगळे. मनी चेंजरचं बिल मात्र डॉलरसोबत न्या आणि परतेपर्यंत टाकू नका. त्याचा फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये असू दे.