शब्दचर्चा : ‘सिनेमा बरा आहे’ म्हणजे नेमका कसा?

घरी सवडीने पाहिलेल्या सिनेमांबद्दल मी चार-चार ओळी लिहून ठेवते. ओळखीतले लोक त्या वाचून काय बघायचं ते ठरवतात. पण माझ्या बहुतेक नोंदी ‘बरा’ या एकाच शब्दावर येऊन थांबतात आणि वाचणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही.

बोलताना हा शब्द भरपूर काम करतो. ‘अरे, बराय की!’ म्हटलं तर अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. ‘बरा आहे’ म्हणून गप्प बसलं तर नाही पाहिला तरी चालेल. ‘तसा बरा आहे’ म्हटलं की पुढे ‘पण’ येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. ‘त्यापेक्षा हा बरा’ यात तर दोन्ही फारसे आवडलेले नसतात. ‘बऱ्यापैकी’ आणखी निसरडा : बऱ्यापैकी रंगतो आणि बऱ्यापैकी कंटाळा आणतो, दोन्ही चालतं. हे सगळं सुरावर अवलंबून आहे आणि सूर कागदावर उतरत नाही.

‘बरा’ आणि ‘चांगला’ यांच्या मधलं तुम्ही कसं सांगता? बघावा अशा सिनेमाला एकच नेमका शब्द आहे का? आणि अशा चार ओळींना म्हणायचं तरी काय? ‘परीक्षण’ म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. प्रेक्षक, परीक्षण, समीक्षा हे तिन्ही शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या संस्कृत धातूपासून आलेले. परि + ईक्ष् म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे, सम् + ईक्ष् म्हणजे नीट, साकल्याने पाहणे. त्यामुळे परीक्षण म्हटलं की पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या सगळ्यांबद्दल काही म्हणणं असावं अशी अपेक्षा येते (‘अपेक्षा’ही त्याच धातूची). ‘रसग्रहण’ नावडलेल्या सिनेमाचं करता येत नाही. ‘शेरा’ मला अजिबात नको वाटतो. तो वरच्याने खालच्याच्या कामावर द्यायचा असतो, म्हणून तर त्याला क्रियापदही ‘मारणे’ मिळालं. साध्या प्रेक्षकाच्या मताला ‘अभिप्राय’ हाच शब्द शोभतो. तो ‘देतात’ किंवा ‘कळवतात’, आणि त्यात अधिकाराचा दावा नसतो.

बघावा अशा सिनेमाची मात्र खरी अडचण आहे. पुस्तक वाचनीय, गाणं श्रवणीय, तर सिनेमा प्रेक्षणीय व्हायला हवा होता. पण ‘प्रेक्षणीय’ म्हटल्यावर पुढे ‘स्थळ’च येतं. क्रिकेटच्या समालोचनात ‘प्रेक्षणीय फटका’ असतो, म्हणजे तिथेही अर्थ डोळ्यांना सुखावणारा असाच. एखादा सिनेमा दिसायला अगदी साधा असेल, सगळा एका खोलीत घडत असेल, तरी बघायलाच हवा असा असू शकतो. त्याला ‘प्रेक्षणीय’ म्हणून भागत नाही. ‘बघणेबल’ हा शब्द लोकांनी हीच गरज ओळखून घडवला आणि हलक्याफुलक्या सिनेमाला तो छान बसतो. गंभीर सिनेमाला तो विजोड वाटतो. तिथे मी ‘आवर्जून पाहावा असा’ लिहितो. लांब आहे, पण अर्थ पुरता पोचतो.

प्रतिसाद

सिनेमा थिएटरात ‘लागतो’, घरी आपण तो ‘लावतो’. टीव्हीवरही तो ‘लागायचा’च, आपण फक्त समोर जाऊन बसायचो. लागण्याकडून लावण्याकडे आल्यामुळे मतही बदलतं, कारण निवड आपली असते.

आणखी एक. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला तेव्हा मूकपटाहून वेगळेपण दाखवायला ‘बोलपट’ शब्द लागत होता. सगळेच चित्रपट बोलू लागले तसा तो मागे पडला. आता ‘पाहिला’ एवढंच म्हटलं तर घरी पाहिला असं धरतात आणि बाहेर पाहिला असेल तर ‘थिएटरला जाऊन पाहिला’ असं मुद्दाम सांगावं लागतं.

प्रतिसाद

‘संथ’ आणि ‘रटाळ’ यांची सरमिसळ होते, ती थांबायला हवी. संथ ही गती आहे, रटाळ हा दोष आहे. ‘संथ आहे पण रटाळ नाही’ हे वाक्य अर्थपूर्ण आहे आणि त्याच्या उलटही खरं असतं : पाठलागामागून पाठलाग, दर मिनिटाला स्फोट, आणि तरीही रटाळ. गोष्ट पुढे सरकते पण फाटे फार फुटतात, तिथे ‘पाल्हाळ’ म्हणावं.

घरी पाहताना ही काळजी जास्त घ्यायला हवी. एक म्हातारा बुटांचे बंद बांधतोय, बोटं थरथरतात, गाठ पुन्हा सुटते, कॅमेरा हलत नाही. अंधाऱ्या थिएटरात आपण त्याच्याबरोबर थांबतो. घरी तेवढ्यात हात फोनकडे जातो, मान वर करेपर्यंत गाठ बसलेली असते आणि आपण ‘रटाळ’ लिहून मोकळे होतो. म्हणून माझा आग्रह असा की अभिप्रायात कसा पाहिला तेही यावं : एका बैठकीत, तुकड्यातुकड्यांनी, की पळवत. पळवत पाहिलेल्या सिनेमाला संथ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद

‘बरा’ आणि ‘चांगला’च्या मधलं विचारलंत. ते विशेषणात शोधू नका, क्रियापदात आहे. ‘बघून टाकला’ म्हणजे एकदाचा उरकला. ‘बघून झाला’ म्हणजे यादीतून गेला, आवडनिवड कळत नाही. ‘बघत राहिले’ म्हणजे उठायचं होतं पण उठवलं नाही, आणि माझ्या लेखी ‘खिळवून ठेवणारा’पेक्षा ही मोठी दाद आहे. ‘पुन्हा लावला’ याच्या पुढे तर काही लिहायची गरजच नाही.

फक्त ‘बघवत नाही’ जपून वापरावं. फसलेल्या विनोदी सिनेमालाही आपण ‘बघवेना’ म्हणतो आणि ज्यात एखाद्या मुलाचे हाल पाहून डोळे मिटून घ्यावे लागतात त्यालाही ‘बघवेना’च म्हणतो. पहिल्यात सिनेमा कमी पडलेला असतो, दुसऱ्यात तो पुरेपूर पोचलेला असतो. मी दुसऱ्यासाठी ‘बघताना जीव कासावीस होतो’ असं लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याने तो सिनेमा वाईट समजून टाळू नये.